बाळाचं घरचं अन्न फ्रीझरमध्ये कसं साठवावं: ठाणे-नवी मुंबईच्या स्वयंपाकघरांसाठी

फ्रीझरमध्ये अन्नातले जंतू मरत नाहीत, थंडीने त्यांची वाढ फक्त थांबते. आत जाताना अन्नात जेवढे जंतू होते, तेवढे बर्फ वितळल्यावर पुन्हा वाढायला लागतात. बाळाचं अन्न साठवण्याचे जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. गॅस बंद केल्यापासून अन्न फ्रीझरमध्ये जाईपर्यंतचा वेळ कमी हवा आणि फ्रीझरमधून काढल्यापासून बाळाच्या तोंडात जाईपर्यंतचाही. मधला आठवडा-पंधरवडा सहसा बिनधोक जातो. चुका होतात त्या या दोन टोकांना.

जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात वाढतात. पट्ट्याच्या मध्यावर, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेच्या आसपास, काही जंतूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. शिजवलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, हा सर्वसाधारण नियम झाला. पण भोवतालचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर हीच मुदत एक तासावर येते. ठाण्यात किंवा ऐरोली-कोपरखैरण्यात मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात, दुपारी गॅस चालू असलेल्या छोट्या स्वयंपाकघरात ३२ अंश ही काही मोठी गोष्ट नाही. त्यामुळे वर्षभर एकच तास धरलेला बरा. कुठला महिना चालू आहे याचा विचार करत बसावं लागत नाही.

काय गोठवावं आणि काय ताजंच करावं

बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू होतं. घरोघरी पहिली येते ती नाचणी, तांदळाची पेज किंवा खिमटी. यातलं काहीच गोठवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. नाचणीचं सत्त्व पाच-सात मिनिटांत शिजतं, खिमटीला आठ-दहा मिनिटं लागतात. शिवाय नाचणीची खीर गोठवून वितळली की तिला पाणी सुटतं आणि खाली रबरासारखा गोळा राहतो. त्याऐवजी कोरडं सत्त्व आणि खिमटीचं भाजून दळलेलं पीठ हवाबंद बरणीत ठेवावं. पावसाळ्यात ही बरणी ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवा आणि एका वेळी महिन्याला पुरेल एवढंच दळा. जून ते सप्टेंबर या काळात दमट हवेने पिठाला बुरशी धरते, आणि ती डोळ्यांना दिसायच्या आधीच पिठाला कुबट वास येऊ लागतो.

गोठवायला खरोखर सोयीचे पदार्थ म्हणजे ज्यांना सोलणं, वाफवणं, वाटणं, गाळणं असे सोपस्कार लागतात ते: लाल भोपळा, गाजर, रताळं, मटार, बीट, पालक, सफरचंद, नासपती. दुधीही चांगला गोठतो, पण चिरताना कच्च्या फोडीचा लहानसा तुकडा जिभेला लावून बघा आणि कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या. कडू दुधीतलं द्रव्य विषारी असतं, आणि ते शिजवून किंवा गोठवून जात नाही.

हापूसचा गर हा फ्रीझरचा सर्वात चांगला उपयोग. वाशीच्या बाजारात आवक वाढून भाव उतरला की आंबे घ्यावेत, सालीसकट नीट धुवावेत, मग सोलून गर काढावा. साखर घालायची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच गराचे दोन ठोकळे नाचणीत मिसळता येतात. आंब्यातलं क जीवनसत्त्व नाचणीतलं लोह शरीरात शोषलं जायला मदत करतं.

केळं काळं पडतं आणि बुळबुळीत होतं, ते आयत्या वेळी कुस्करावं. चिकूचंही तसंच. बटाटा गोठवून वितळला की रवाळ होतो. दही फाटतं. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चामड्यासारखा होतो, पिवळा मात्र टिकतो. काकडी आणि कलिंगड यांचं नुसतं पाणी होतं.

मध एक वर्षाच्या आत कुठल्याही रूपात नको. त्यात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि ते घरच्या शिजवण्याने किंवा गोठवण्याने मरत नाहीत. मीठ आणि साखरही पहिल्या वर्षात घालू नये. साठवलेलं अन्न टिकावं म्हणून तर नकोच. फ्रीझरमध्ये टिकवण्याचं काम थंडी करते.

पालक, बीट आणि गाजर यांची एक वेगळी अडचण आहे. या भाज्यांत नायट्रेट जास्त असतं. वाटलेली भाजी ठेवून दिली की जंतू त्याचं नायट्राइट करतात. ते जास्त प्रमाणात गेलं तर लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळांना याचा धोका सर्वाधिक, पण नुकतं वरचं सुरू झालेल्यांसाठीही काळजी घ्यायला हवी. या तीन भाज्यांची प्युरी फ्रिजमध्ये राखून ठेवू नका. वाटली, थंड केली की लगेच फ्रीझरमध्ये, नाहीतर त्याच जेवणाला संपवायची.

मांसाहारी घरांत मासे कधी सुरू करायचे हे डॉक्टरांना विचारून ठरवतातच. साठवणीच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. सुरमई आणि मुशी या मोठ्या, इतर मासे खाणाऱ्या माशांत पारा साठतो, म्हणून बाळासाठी त्या टाळाव्यात. पापलेट किंवा रावस घ्यावा आणि शिजवल्यावर बोटांनी चाचपून एकेक काटा काढावा. मिक्सरच्या भरवशावर काटा सोडू नये. दुसरी गोष्ट जून-जुलैची. मासेमारी बंदीच्या त्या दोन महिन्यांत बाजारात आलेला मासा बऱ्याचदा आधी गोठवलेला असतो. तो कच्चा पुन्हा फ्रीझरमध्ये टाकू नये. पूर्ण शिजवून मग गोठवला तर चालतो.

भांडी, मिक्सर आणि पाणी

मिक्सरच्या भांड्याचं वॉशर आणि पात्याखालची खोबण ही बाळाच्या अन्नासाठी घरातली सर्वात घाणेरडी जागा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या भांड्याचं वॉशर काढून बघितलं तर खाली चटणीचा काळपट थर सापडतो. शक्य असेल तर एक लहान भांडं फक्त बाळासाठी ठेवा. प्रत्येक वेळी वॉशर काढून साबणाच्या गरम पाण्याने घासा, उकळत्या पाण्यातून काढा आणि पूर्ण वाळू द्या. ओलं वॉशर परत बसवून झाकण लावलं की आत दमट, उबदार जागा तयार होते आणि जंतूंना तेवढं पुरतं. गाळणी, चमचे आणि ट्रे यांनाही उकळतं पाणी दाखवावं, मात्र ट्रेवर ते उकळतं पाणी सोसतं असं लिहिलेलं असलं पाहिजे. भांडी पुसायचं रोजचं फडकं या कामाला वापरू नका, उपडी घालून वाळवा.

प्युरी सैल करायला लागणारं पाणी एक मिनिट खळखळून उकळलेलं हवं. पाणीकपातीच्या दुसऱ्या दिवशी नळाला येणारं पहिलं गढूळ पाणी आधी सोडून द्या, मग भरा. भाजी ज्या पाण्यावर वाफवली तेच पाणी वाटताना वापरलं तर उत्तम, त्यात उतरलेली जीवनसत्त्वं वाया जात नाहीत. पालक आणि बीट यांचं पाणी मात्र फेकावं. त्यांचं नायट्रेट बरंचसं त्या पाण्यात उतरलेलं असतं.

किती शिजवावं

उत्साहात महिन्याभराचा साठा करण्याकडे कल असतो. तो आवरावा. सहाव्या महिन्यात लागणारी मऊसूत प्युरी आठव्या महिन्यात बाळाला पुरत नाही, त्याला कण लागतात, थोडं चावायला लागतं. नऊ-दहा महिन्यांपर्यंत गुठळ्या असलेलं अन्न सुरू झालं नाही तर पुढे मुलं ते नाकारतात. फ्रीझरमध्ये पन्नास ठोकळे मऊ प्युरी पडून असली की ती संपवण्याच्या नादात बाळ महिनाभर मागे राहतं. एका पदार्थाचा आठ-दहा दिवसांचा साठा बरोबर. दुसरं कारण नव्या पदार्थांचं: एखादी गोष्ट बाळाला मानवते की नाही हे कळायच्या आधी तिचे वीस ठोकळे करून ठेवण्यात अर्थ नाही. सुरुवातीला प्रत्येक पदार्थ वेगळा गोठवा. पुरळ उठलं किंवा उलटी झाली तर कशामुळे ते शोधता येतं. मिश्रणं नंतर.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून दोन उदाहरणं देतो. अर्धा किलो लाल भोपळा घेतला तर साल आणि बिया जाऊन साधारण ३५० ग्रॅम गर राहतो. दोन सेंटीमीटरच्या फोडी करून दहा-बारा मिनिटं वाफवा, सुरी सहज आरपार गेली पाहिजे. वाटून २५ मिलिलिटरचे बारा ते चौदा ठोकळे होतात.

मऊ खिचडीला ५० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम सालं काढलेली मूगडाळ आणि ६०० मिलिलिटर पाणी घ्या. कुकरला चार-पाच शिट्ट्या करून दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा. साधारण ६०० ते ६५० ग्रॅम खिचडी होते. सहा महिन्यांचं बाळ दोन-तीन मोठे चमचे खातं आणि आठ-नऊ महिन्यांपर्यंत एका जेवणाला अर्धा कप, म्हणजे सुमारे १२५ मिलिलिटरपर्यंत पोचतं. म्हणजे एवढी खिचडी त्या वयात पाच जेवणांची झाली. तूप शिजवताना न घालता वाढताना घाला, गोठवलेल्या खिचडीत ते वेगळं होऊन पांढऱ्या कणांनी बसतं. आणि खिचडी चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट ठेवा. पातळ वरणाच्या पाण्याने बाळाचं पोट भरतं, पण पोषण होत नाही.

थंड करणं

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. कुकर उतरवून झाकणासकट ओट्यावर ठेवला जातो, तेवढ्यात कोणीतरी येतं, बाळ उठतं, आणि तीन तासांनी खिचडी कोमट अवस्थेतच ट्रेमध्ये जाते. दाट अन्न मधून फार सावकाश थंड होतं. वर हात लावून गार वाटलं तरी पातेल्याच्या मध्यात ४५ अंश असू शकतात.

भाताच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे. कच्च्या तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजण्यातूनही वाचतात. भात कोमट राहिला की ते उगवतात, वाढतात, आणि त्यांच्यातले काही असं विष तयार करतात जे पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. ‘परत चांगली उकळवली की झालं’ हा समज म्हणून धोक्याचा आहे. उशिरा थंड केलेली खिचडी उकळून सुरक्षित होत नाही.

कुकरची वाफ पूर्ण उतरली की लगेच झाकण काढा. खिचडी किंवा प्युरी पसरट परातीत किंवा ताटात दोन सेंटीमीटरपेक्षा जाड होणार नाही अशी पसरा. खाली दुसऱ्या मोठ्या परातीत थंड पाणी आणि बर्फ ठेवा, त्यात हे ताट टेकवा, स्वच्छ चमच्याने दर दोन-तीन मिनिटांनी हलवा. वर जाळी झाका, घट्ट झाकण नको, वाफ कोंडते. पंख्याखाली ठेवायचं असेल तरी जाळी हवीच, रस्त्यालगतच्या घरांत धूळ येते. पंधरा-वीस मिनिटांत अन्न हाताला गार लागतं, आणि लगेच ट्रे भरायचे. गरम पातेलं थेट फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह टाळा. ते स्वतः तर सावकाश थंड होतंच, शेजारचं दूध आणि कालचं अन्नही गरम करतं.

ट्रे, पिशव्या, चिठ्ठ्या

झाकण असलेला, अन्नासाठी चालणारा सिलिकॉनचा ट्रे सोयीचा, ठोकळे खालून दाबून निघतात. जुन्या कडक प्लास्टिकच्या ट्रेला तडे गेले असतील तर तो बाद करा. ठोकळे काढताना ट्रे पिळला की प्लास्टिकचे कण अन्नात जातात आणि बर्फाच्या कणांत ते दिसत नाहीत. आपल्या ट्रेच्या एका खणात किती मावतं ते एकदा चमच्याने पाणी मोजून बघा. बाजारातले ट्रे १५ मिलिलिटरपासून ३० पर्यंत सगळ्या मापांचे असतात, आणि ‘दोन ठोकळे दे’ असं घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगायचं तर माप माहीत हवं.

खण काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काचेच्या बाटल्या याच कारणाने फुटतात, म्हणून काच टाळावी. लहान, घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे उत्तम: पटकन थंड होतात आणि त्यांना वास धरत नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबा किंवा टोमॅटो असं आंबट काही ठेवू नका.

एका वेळी दोनच ट्रे फ्रीझरमध्ये ठेवा, एकावर एक न रचता. चांगल्या फ्रीझरमध्ये ठोकळे सहा तासांत दगडासारखे होतात, एका दाराच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवावे लागतात. मग ते लगेच फ्रीझरच्या जाड झिपवाल्या पिशवीत भरा आणि दाबून हवा काढून टाका. ट्रेमध्येच आठवडाभर राहिलेले ठोकळे वरून कोरडे, पांढुरके पडतात आणि शेजारच्या कोळंबीचा वास घेतात. हे अपायकारक नसतं, पण बाळ तोंड फिरवतं. कच्चं मटण-मासे नेहमी खालच्या बाजूला, घट्ट डब्यात ठेवा. बाळाचं अन्न त्यांच्या वर.

पिशवीवर कागदी चिकटपट्टी लावून पक्क्या शाईच्या पेनाने पदार्थ, गोठवल्याची तारीख आणि ‘मऊ’ की ‘कणीदार’ ते लिहा. पट्टी पिशवी भरायच्या आधी लावा, गार झालेल्या पिशवीवर पाणी धरतं आणि पट्टी चिकटत नाही. गाजर, भोपळा आणि आंबा गोठल्यावर सारखेच केशरी दिसतात.

फ्रीझर किती थंड आहे

घरगुती सल्ल्यांत ज्या मुदती असतात त्या उणे १८ अंशांच्या असतात. दोन दारांच्या फ्रिजचा फ्रीझर सहसा तिथे पोचतो. एका दाराच्या फ्रिजमधला वरचा कप्पा, ज्यात बर्फ साचतो, बऱ्याचदा पोचत नाही. दारावरचे बीईईचे (सरकारच्या ऊर्जाबचत संस्थेचे) तारे विजेच्या वापराचे असतात, त्यांचा फ्रीझरच्या थंडाव्याशी संबंध नाही. खात्रीसाठी फ्रिजचा थर्मामीटर घ्यावा, फार महाग नसतो. तो नसेल तर आईस्क्रीमने अंदाज घ्या: रात्रभर ठेवलेल्या आईस्क्रीममध्ये चमचा सहज रुतत असेल तर फ्रीझर उणे १८ वर नाही.

फ्रीझर उणे १८ वर असेल तर फळं आणि भाज्यांची प्युरी दोन महिने, डाळ-खिचडी, चिकन आणि मासे एक महिना. जास्त दिवसांनीही ते विषारी होत नाही, पण चव, पोत आणि क जीवनसत्त्व उतरत जातं. वरच्या कप्प्यात बर्फ साचत असेल किंवा आईस्क्रीम मऊ राहत असेल तर सगळ्यासाठी दोन आठवडे धरा आणि कमीच करून ठेवा. बर्फाचा थर बोटाच्या निम्म्या जाडीचा झाला की डीफ्रॉस्ट करा. त्या वेळी ठोकळे बर्फाच्या पॅकसह थर्माकोलच्या डब्यात हलवा, ओट्यावर ताटात नको.

फ्रिजच्या खालच्या भागात ४ अंश किंवा कमी हवेत. तिथे फळं-भाज्यांची प्युरी (पालक, बीट आणि गाजर सोडून) जास्तीत जास्त ४८ तास, खिचडी, डाळ, अंडं, चिकन, मासे २४ तास. दाराच्या कप्प्यात बाळाचं काहीच ठेवू नका, दर वेळी दार उघडलं की तिथे बाहेरची हवा लागते. मागच्या बाजूला, मधल्या फळीवर ठेवा. उन्हाळ्यात फ्रिजची कळ एक-दोन आकडे वाढवावी लागते. पावसाळ्यात परत खाली आणताना भाजी गोठतेय का ते बघा.

वितळवणं, गरम करणं, भरवणं

दुसऱ्या दिवशी लागणारे ठोकळे रात्री झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये खाली काढून ठेवा. सकाळी विसरलात तर सरळ गोठलेलेच गरम करा. ओट्यावर ठेवून वितळवू नका: बाहेरचा भाग कोमट होऊन तासभर तसाच राहतो आणि आत मात्र बर्फ असतो.

गॅसवर सोपी रीत अशी. ठोकळे स्टीलच्या लहान वाटीत घ्या, एक-दोन चमचे पाणी घाला, वाटी पाण्याच्या पातेल्यात ठेवून झाका आणि मध्यम आचेवर सहा-आठ मिनिटं मधूनमधून हलवत गरम करा. सगळीकडून वाफा आल्या पाहिजेत, नुसतं कोमट पुरत नाही. थर्मामीटर असेल तर मध्यात ७४ अंश. खिचडी गोठल्यावर घट्ट होते, कारण थंडीत भाताचा स्टार्च आवळतो. गरम पाणी घालून सारखी केली की पूर्ववत होते. मायक्रोवेव्हमध्ये काही ठिकाणी अन्न उकळतं आणि शेजारीच बर्फ राहतो. म्हणून वीस-तीस सेकंदांनी ढवळा, शेवटी मिनिटभर तसंच ठेवा, पुन्हा ढवळा, आणि प्लास्टिकच्या डब्यात गरम करू नका. मग वाटी थंड पाण्यात टेकवून अन्न कोमट करा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा. आंब्याच्या किंवा वाफवलेल्या सफरचंदाच्या प्युरीला पुन्हा गरम करायची गरज नाही, फ्रिजमध्ये वितळवून तशीच देता येते.

गरम करणं एकदाच. वितळलेलं २४ तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका. आईचं दूध मिसळायचं असेल तर ते वाढलेल्या भागात, आयत्या वेळी. आधी गोठवून वितळलेलं दूध घातलेली प्युरी पुन्हा गोठवता येत नाही.

भरवताना मोठ्या डब्यात चमचा बुडवू नका. लागेल तेवढं वाटीत काढा, उरलेला डबा झाकून फ्रिजमध्ये. बाळाचा चमचा वाटीत गेला की लाळेतले जंतू अन्नात जातात आणि लाळेमुळे अन्न पातळही होऊ लागतं. उष्टं उरलं ते टाकायचं, ‘दोनच चमचे खाल्ले’ म्हणून संध्याकाळसाठी ठेवायचं नाही. टाकायला जीव होत नसेल तर कमी वाढा आणि लागलं तर पुन्हा घ्या.

वासावर विसंबू नका. आजारी पाडणारे बरेच जंतू अन्नाला वास, चव, रंग यांपैकी काहीच आणत नाहीत. अन्न किती वेळ बाहेर होतं याची खात्री नसेल तर तेवढंच कारण टाकून द्यायला पुरेसं आहे. बाळाला वारंवार पातळ जुलाब किंवा उलट्या झाल्या, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, शीमध्ये रक्त दिसलं किंवा ते मलूल पडलं, तर घरी वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. तोवर दूध पाजणं थांबवू नका.

पाळणाघरात डबा पाठवताना

घोडबंदर रोडवरून निघून ठाण्याला बाळाला सोडून पुढे वाशी किंवा बेलापूरला कामाला जाणाऱ्यांचा डबा दुपारी उघडेपर्यंत चार-पाच तास होतात. गरम खिमटी थर्मासमध्ये द्यायची सवय इथे घात करते. मोठ्या थर्मासमध्ये वाटीभर अन्न असलं की ते तासाभरात कोमट होतं आणि दुपारपर्यंत जंतू वाढतील अशाच तापमानाला राहतं. द्यायचंच तर लहान तोंडाचा थर्मास दहा मिनिटं उकळत्या पाण्याने भरून ठेवा, पाणी ओतून उकळतं अन्न काठोकाठ भरा, आणि एकदा घरी चार तासांनी उघडून थर्मामीटरने मोजा. ६० अंशांखाली गेलं असेल तर तो थर्मास या कामाचा नाही.

त्यापेक्षा गोठलेले ठोकळे स्टीलच्या डब्यात घालून, वर-खाली एकेक बर्फाचा पॅक लावून इन्सुलेटेड पिशवीतून द्या. पोचल्या पोचल्या डबा फ्रिजमध्ये जायला हवा. पाळणाघरातल्या ताईंसाठी डब्यावर तीन ओळी लिहून चिकटवा: आल्यावर फ्रिजमध्ये, एकदाच वाफा येईपर्यंत गरम करणे, उरलेलं टाकणे. ‘टाकणे’ हे लिहायलाच हवं. ताईंना अन्न टाकणं जड जातं आणि त्या प्रेमाने डबा परत पाठवतात. परत आलेला डबा संध्याकाळी घरी वापरू नका.

वीज गेली तर, आणि गावाला गेलात तर

महावितरणच्या देखभालीच्या दिवशी किंवा पहिल्या मोठ्या पावसात चार-पाच तास वीज जाणं नवं नाही. फ्रिजचं दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. पूर्ण भरलेला मोठा फ्रीझर दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस तग धरतो असं म्हणतात, पण ते वेगळ्या, मोठ्या फ्रीझरचं आहे. घरातल्या फ्रिजच्या छोट्या कप्प्यासाठी ते धरून चालू नका. कप्प्यात रिकामी जागा असेल तिथे पाण्याच्या बाटल्या मानेपर्यंत भरून गोठवून ठेवा, थंडावा जास्त टिकतो.

वीज आल्यावर ठोकळे बघा. सुटे आणि कडक असतील तर ठीक. आत बर्फ आहे पण बाहेरून मऊ झालेत, तर त्याच दिवशी गरम करून वापरा. पूर्ण वितळले असतील आणि कधी वितळले ते माहीत नसेल तर टाका. पिशवीत ठोकळ्यांचा एकच गोळा झाला असेल किंवा तळाशी रंगीत बर्फाची लादी दिसत असेल, तर ते कधीतरी वितळून पुन्हा गोठले आहेत, मग तुम्हाला वीज गेल्याचं कळलेलं असो वा नसो.

गणपतीला आठ-दहा दिवस कोकणात जाताना फ्रीझरमध्ये काही ठेवून जाणार असाल तर निघायच्या दोन दिवस आधी वाटीभर पाणी गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. परतल्यावर नाणं वरच असेल तर तुम्ही नसताना बर्फ वितळला नाही. ते मध्यात किंवा तळाशी गोठलेलं असेल तर आतल्या बाळाच्या सगळ्या पिशव्या टाका. फ्रीझर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, दार बंद करून तो पूर्ण थंड होईपर्यंत रात्रभर चालू द्या, आणि दुसऱ्या दिवशी एका ट्रेपासून पुन्हा सुरू करा.